तांब्यातले स्वराज्य

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गड-किल्ले उभे राहतात, तलवारी आणि तोफा येतात, बखरी आणि पत्रव्यवहार येतात. या सर्वांचे मोल मोठे आहे यात शंका नाही. परंतु इतिहासाचे एक साधन असे आहे की जे राजाच्या खजिन्यात होते आणि शेतमजुराच्या कंबरेच्या कशातही होते. ते साधन म्हणजे नाणे. बखर लिहिणारा कधी अतिशयोक्ती करतो, शिलालेख कोरवणारा आपल्याच पराक्रमाची स्तुती करवून घेतो. नाण्याला मात्र तसे करून चालत नाही. त्याचे वजन आणि त्याचा कस रोज बाजारात तपासला जातो. म्हणून नाण्याची साक्ष ही बाजाराने रोज उलटतपासणी केलेली साक्ष असते.

आज मला आपल्यापुढे दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली, आपल्या भूमीतील नाण्यांनी आपल्या स्वत्वाची कोणती हकीकत सांभाळून ठेवली आहे. आणि दुसरी, ती हकीकत आज आपल्याच घरांतून, आपल्याच हातांनी आणि बऱ्याचदा श्रद्धेपोटीच कशी पुसली जात आहे. पहिली गोष्ट अभिमानाची आहे, दुसरी कर्तव्याची आहे. नुसत्या अभिमानावर थांबणे हा आपला जुना दोष आहे. म्हणून आज कर्तव्याच्या भागाला मी अधिक वेळ देणार आहे.

आहत नाण्यांपासून

नाणेपद्धती आपल्याकडे परक्यांनी आणली, असा समज इंग्रजी राजवटीत दीर्घकाळ रुजविला गेला. वस्तुस्थिती काय आहे? चांदीच्या तुकड्यांवर सूर्य, वृषभ, वृक्ष, चक्र अशी चिन्हे एकेका ठशाने उमटविलेली आपली ‘आहत’ नाणी अलेक्झांडरच्या स्वारीपूर्वीपासून या देशात प्रचारात होती. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘रूप्य’ या शब्दाची सिद्धी सांगताना ठसा उमटविण्याची कल्पना गृहीत धरलेली आहे, आणि याच ‘रूप्य’ शब्दातून आपला रुपया आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर देखरेख करणारा ‘लक्षणाध्यक्ष’ आहे आणि चलनातील नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ही आहे. ज्या समाजात नाणी पाडणारा अधिकारी निराळा आणि पारखणारा निराळा नेमला जातो, त्या समाजाचा आर्थिक विचार किती प्रौढ असला पाहिजे!

या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नाणेघाटात नागनिका राणीचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांचे आकडे कार्षापणांत नोंदलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. पैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते आणि त्यातून भिक्षूंचा खर्च भागावयाचा होता. सुमारे १९०० वर्षांपूर्वी विणकरांची श्रेणी पेढीचे काम करीत होती आणि शासक आपली ठेव विश्वासाने तिच्याकडे सोपवीत होता! आपल्या समाजजीवनाची ही घडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जोगलटेंभीचा घडा

याच नाशिक परिसरात, जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी होती. सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूस त्याचा मुखवटा आणि ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी. परंतु अभ्यासकांनी ती एकेक करून पाहिली तेव्हा त्यांपैकी ९००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच दुसरा ठसा मारलेला आढळला. कमानींची टेकडी, उज्जयिनी चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव!

नाशिकच्याच लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राच्या पराक्रमाचा जो लेख कोरविला, त्यात त्याने क्षहरातांचे कुळ निर्मूल केल्याचे म्हटले आहे. तो आईने केलेला मुलाचा गौरव आहे, म्हणून एखादा संशयी अभ्यासक त्याकडे कवित्व म्हणून पाहू शकला असता. जोगलटेंभीच्या साठ्याने तो संशय कायमचा मिटविला. शिळेवरचे शब्द आणि चांदीवरचे ठसे एकच गोष्ट बोलू लागले.

येथे दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. विजयी राजाने शत्रूची नाणी एकदम आटवून टाकली नाहीत. व्यापार खोळंबला नाही, लोकांच्या हातातील चांदी बाद झाली नाही. त्यावर फक्त स्वकीय सत्तेची मुद्रा उमटली. राज्य बदलले, परंतु रयतेचे नुकसान झाले नाही. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. हा पुरावा आपल्या हाती आला तो हजारो नाणी अभ्यासकांना एकत्र पाहता आली म्हणून. तो घडा सापडल्या रात्रीच वाटून घेतला गेला असता आणि सोनाराच्या मुशीत गेला असता, तर नुसती चांदी हाती लागली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहिले असते. असे किती घडे मुशीत गेले असतील, याची मोजदाद कोण करणार?

नाण्यावरचे नाव कोणाचे?

नाण्यावर कोणाचे नाव आहे, हा प्रश्न प्रथमपासून सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर भारतात मुहम्मद घोरीची सत्ता आली, तेव्हा त्याने पाडलेल्या सुवर्णनाण्यांवर बसलेली लक्ष्मी तशीच ठेवली आणि आपले नाव नागरी लिपीत घातले. लोकांचा विश्वास लक्ष्मीच्या नाण्यावर होता. तलवारीने प्रदेश घेता येतो, बाजाराचा विश्वास घेता येत नाही, हे त्या आक्रमकालाही मान्य करावे लागले. दक्षिणेत विजयनगरच्या सम्राटांनी नागरी अक्षरांतील आपल्या नावाची सुवर्णनाणी पाडली आणि होन-वराहांची ती परंपरा पुढे चालत राहिली.

या पार्श्वभूमीवर शके १५९६ ची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ६ जून १६७४ हा दिवस पाहिला पाहिजे. त्या काळी स्वराज्याच्या बाजारात कोणती नाणी चालत होती? मोगली रुपये, आदिलशाही नाणी, कोकणपट्टीत लारी, किनाऱ्यावर पोर्तुगीज नाणी आणि नाना प्रकारचे होन. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातील होनांच्या प्रकारांची जी यादी आहे, ती वाचली तरी चलनाच्या त्या गर्दीची कल्पना येते. या गर्दीत राज्याभिषेकाबरोबर स्वतःचे नाणे उभे राहिले. सोन्याचा होन, सुमारे २.७ ते २.८ ग्रॅम वजनाचा, आणि तांब्याची शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. फारसी नाही, कोणा बादशहाचे नाव नाही, पदव्यांची लांबलचक माळ नाही. बाळबोध देवनागरी अक्षरे, दोन्ही बाजूंभोवती ठिपक्यांची रेघ, बस्स! राज्यव्यवहारकोश करवून घेऊन ज्यांनी कारभाराच्या भाषेला स्वत्व दिले, त्यांनीच चलनालाही स्वत्व दिले. भाषाशुद्धी आणि मुद्रा हे एकाच विचाराचे दोन आविष्कार होते.

त्याच वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाच्या वाटाघाटींसाठी रायगडावर होता. कंपनीच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की, इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत. महाराजांचे उत्तर त्यांच्या अर्थविचाराची साक्ष देते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, ज्यात माझ्या प्रजेचे नुकसान होईल असे कोणतेही नाणे घेण्याची सक्ती मी तिच्यावर करणार नाही. आपले नाणे कसाला आणि वजनाला इतरांच्या बरोबरीचे असेल, तर त्याला मी मनाईही करणार नाही. परकीय व्यापाऱ्याला दिलेले हे उत्तर किती नेमके आहे! त्यात आंधळा द्वेष नाही आणि लाचारीही नाही. निकष एकच, रयतेचे हित.

चांदी दिल्लीची, तांबे शिवछत्रपतींचे

पुढच्या शतकातील एक विलक्षण वस्तुस्थिती मी आपल्यापुढे ठेवतो. पेशवाईत मराठ्यांचे घोडे अटकेपार गेले, दिल्लीच्या तख्ताचे रक्षण मराठ्यांनी केले. परंतु मराठ्यांच्या टांकसाळींतून जे चांदीचे रुपये पडत, त्यांवर मजकूर फारसी असे आणि नाव मोगल बादशहाचे. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या. त्यावर अंकुश आहे, पण नाव दिल्लीपतीचे आहे. त्यामागे व्यापाराचे आणि राजकारणाचे कारण होते. सावकारी पेठांत त्या रुपयाला देशभर मान्यता होती. ही गोष्ट आपण लपविण्याचे कारण नाही. इतिहास जसा आहे तसा पाहिला पाहिजे.

परंतु त्याच काळी तांब्याच्या पैशावर कोणाचे नाव होते? ‘श्री राजा शिव छत्रपति’! महाराजांच्या महानिर्वाणानंतर शंभर-दीडशे वर्षे, अनेक ठिकाणच्या टांकसाळींतून, परवाना घेतलेल्या सराफ-सोनारांच्या हातून शिवराई पडतच राहिली. कोठे ‘शिव’ आहे, कोठे ‘सीव’ आहे. कोठे अक्षरे रेखीव, कोठे ओबडधोबड. उत्तरकाळात मजकुराच्या दोन ओळींमध्ये दुहेरी रेघ असलेली ‘दुदांडी’ शिवराई आली. वजन उतरले. पूर्वीची पूर्ण वजनाची शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची, नंतरच्या त्याहून हलक्या. बहुतेकांवर नाव मात्र तेच राहिले.

याचा अर्थ काय? चांदीचा रुपया सावकाराच्या पेढीवर आणि सरकारी वसुलात फिरे. तांब्याचा पैसा भाजीवालीच्या टोपलीत, पांथस्थाच्या बटव्यात आणि देवळातल्या दानपेटीत फिरे. राजकारणाची चांदी दिल्लीच्या नावाची होती, लोकजीवनाचे तांबे शिवछत्रपतींच्या नावाचे होते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर परक्यांचे निशाण चढले. १८३५ साली कंपनी सरकारने चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचा एकसारखा रुपया देशभर सुरू केला. तरीही महाराष्ट्राच्या बाजारांत शिवराई त्यानंतर कित्येक दशके चालत होती. स्वराज्य गेले होते, पण निरक्षर माणसाच्या मुठीत स्वराज्याचे नाव शिल्लक होते. स्वातंत्र्याच्या आकांक्षेचे निखारे कोठे जपले गेले, असे आपण विचारतो. त्याचे एक उत्तर त्या मुठीत आहे.

आणि स्वतंत्र भारतातही हा प्रश्न एका दिवसात सुटला नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तीन वर्षे आपल्या खिशात सहाव्या जॉर्जच्याच मुखवट्याची नाणी होती. १५ ऑगस्ट १९५० पासून अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेची नाणी आली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै जाऊन १०० नये पैसे आले. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे निघाले. १ ऑक्टोबर २०२५ रोजी संघाच्या शताब्दीनिमित्त १०० रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले आणि त्यावर सिंहासह भारतमातेची प्रतिमा आली. मुद्रेचा प्रवास हा राष्ट्राच्या आत्मप्रत्ययाचा प्रवास असतो, तो असा.

प्रत्येक शिवराई का महत्त्वाची?

आता दुसऱ्या भागाकडे येतो. पुष्कळजण म्हणतात, शिवराया हजारोंनी आहेत, त्यांतील एखादी गेली तर काय बिघडले? याचे उत्तर शिवराई कशी पाडली जाई यात आहे. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये ठेवायचा आणि वरून घण मारायचा, ही पद्धत. बहुतेक वेळा ठसा तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे ठशावर कोरलेली सर्व अक्षरे एकाच नाण्यावर क्वचितच उमटत. एकावर ‘श्री राजा’ स्पष्ट, तर ‘शिव’ अर्धवट. दुसऱ्यावर डावीकडची चिन्हे आली, उजवीकडची काठाबाहेर गेली. अभ्यासक एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी शेजारी ठेवून मूळ ठसा जुळवितो. ठिपके, चंद्रकोर, फूल, अक्षरांचे वळण यांवरून टांकसाळीचा आणि काळाचा अंदाज बांधतो. म्हणून झिजलेली, वेडीवाकडी शिवराईसुद्धा त्या जुळणीतला एखादा हरवलेला तुकडा असू शकते.

आणि या शिवरायांचे आपण काय केले? तांब्याच्या भावाने त्या मोडीत गेल्या आणि घागरी, तपेल्यांत आटल्या. सोन्या-चांदीच्या नाण्यांना भोके पाडून, कड्या डाखून माळा केल्या. जी देवघरात राहिली, त्यांच्यावर आपले प्रेम सर्वाधिक, आणि तेथेच त्यांची सर्वाधिक झीज! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नाणी काढायची, चिंच-मीठ लावून घासायची, पंचामृतात बुडवायची, ओले कुंकू लावायचे आणि तशीच डबीत ठेवून द्यायची. चिंच, लिंबू आणि दही यांतील आम्ल तांबे खाते. मिठातील क्षार धातूत शिरून आतून पोखरतो. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जो तपकिरी-काळसर थर चढतो, तो मळ नव्हे. ते त्या नाण्याचे कवच आहे. आपण ते दरवर्षी सोलून काढतो आणि अक्षरे दरवर्षी थोडी थोडी पुसतात. ज्या अक्षरांना परकीय राजवट पुसू शकली नाही, ती आपल्या चिंचेच्या गोळ्याने पुसावीत, याला काय म्हणावे?

माझे म्हणणे पूजा करू नये असे अजिबात नाही. लक्ष्मीपूजन अवश्य करावे. स्नान-अभिषेकासाठी आजच्या टांकसाळीचे किंवा सराफाकडचे चांदीचे नाणे घ्यावे. वाडवडिलांची जुनी नाणी कोरड्या वस्त्रावर मांडावीत, त्यांवर कोरड्या अक्षता आणि फूल वाहावे आणि पूजा होताच ती कोरडी करून उचलून ठेवावीत. भाव तोच राहील आणि ठेवाही राहील.

हाताळावे कसे, ठेवावे कसे?

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र परके नव्हते. मराठी राज्यात पोतदार हा नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी होता, पोतनीस रोकड सांभाळीत असे. पारखी, पोतदार, सराफ ही आडनावे आजही आपल्यात आहेत. थैलीचे तोंड बांधून त्यावर मोहोर करण्याची शिस्त होती. तीच शिस्त आजच्या ज्ञानाची जोड देऊन घरी आणावयाची आहे. त्यासाठी फार खर्च लागत नाही.

पहिली गोष्ट पकडण्याची. नाणे नेहमी कडेने, अंगठा आणि तर्जनीत धरावे. दर्शनी भागाला बोट लावू नये. बोटांवरील घाम आणि तेल धातूवर खूण सोडते, आणि आरशासारखी झळाळी असलेल्या स्मारक नाण्यांवर तर बोटाचा ठसा कायमचा राहतो. हात धुऊन कोरडे करावेत आणि नाणे टेबलावर पसरलेल्या मऊ कापडाच्या वरच, थोड्याच उंचीवर धरावे, म्हणजे निसटले तरी इजा होणार नाही. नाण्याजवळ तोंड नेऊन बोलू नये, थुंकीचे कण पुढे डाग बनतात.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. नियम सोपा आहे. काही करू नये. माती फारच चिकटली असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून ठेवावे, घासू नये, मऊ कापडाने टिपून पूर्ण वाळवावे. भांडी चकचकीत करण्याची पूड, राख, टूथपेस्ट, आम्ल यांचा स्पर्शही होता कामा नये. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी वारंवार उमटत असेल तर तो धातूचा रोग आहे. ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवून वस्तुसंग्रहालयातील जाणकाराला दाखवावे.

तिसरी गोष्ट वेष्टनाची. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम सर्वांत घातक. ते पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत त्यातून आम्ल सुटते आणि नाण्यावर चिकट हिरवा थर येतो. त्याऐवजी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे किंवा मधोमध पॉलिएस्टरची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट वापरावी. चौकटीला स्टेपल मारताना टाचणीचे टोक आडवे दाबून टाकावे, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. आम्लविरहित कागदाची छोटी पाकिटेही उत्तम. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड आणि लोकर नाण्यांजवळ नसावे. त्यांतील गंधकामुळे चांदी काळवंडते. एका पाकिटात एकच नाणे. थैलीत एकत्र ठेवलेली नाणी एकमेकांना झिजवीत राहतात. आपल्या कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची हवा हा मोठा शत्रू आहे. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यानंतर ती बदलावी. टांकसाळीकडून आलेले स्मारक नाणे तर त्याच्या मूळ वेष्टनातून काढूच नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित, ती नोंदीची. सोनाराच्या काट्यावर वजन करावे, मिलीमीटरमध्ये व्यास मोजावा, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, आणि लिहून ठेवावे की हे नाणे आपल्या घरी कोठून आले. आजीच्या माहेरून आले, वाड्याच्या पायात निघाले, शेतात नांगराला लागले, कोणत्या गावी, कोणत्या साली. नाणे कोठे सापडले हे कळले तर ते इतिहासाचे साधन ठरते. ते न कळले तर ती एक जुनी वस्तू तेवढी उरते.

खोटे आणि खरे

जेथे श्रद्धा असते तेथे तिचा व्यापार करणारेही येतात. शिवछत्रपतींचा होन अत्यंत दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच बनावट होनांना गिऱ्हाईक मिळते. ओतीव नाण्याचे काठ गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची छिद्रे दिसतात, कडेला साच्याचा सांधा दिसतो, वजन जुळत नाही. एकाच आकाराची, एकाच झिजेची दोन नाणी दिसली तर हमखास संशय घ्यावा, कारण घणाने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. याज्ञवल्क्य स्मृतीत खोटे नाणे पाडणाऱ्याला दंड सांगितला आहे, आणि खऱ्याला खोटे व खोट्याला खरे म्हणणाऱ्या पारख्यालाही तोच दंड सांगितला आहे. अभिमानापोटी खोटा होन खरा म्हणून मिरविणे हा महाराजांचा गौरव नव्हे. संशोधकाने ‘हे बनावट आहे’ असे सांगितले तर त्याच्यावर रागावू नये, त्याचे आभार मानावेत.

कायदाही जाणून घ्यावा. भूमीत सापडलेल्या गुप्तधनाची, ते दहा रुपयांहून अधिक मोलाचे असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या कायद्यात सापडवणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या वाट्याचीही तरतूद आहे. म्हणजे प्रामाणिक माणसाचा त्यात तोटाच होतो असे नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातील नातेवाइकांना घरची जुनी मोहोर भेट म्हणून पाठविण्यापूर्वी हे ध्यानात असावे. आणि चलनातील नाणी वितळविणे, तोडणे हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे.

आपण काय करणार?

बंधू-भगिनींनो, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था १९१० पासून हे काम करीत आल्या. त्याच साली भारतीय नाणकशास्त्र परिषदही स्थापन झाली. १९८० मध्ये नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली आणि परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने तिला आकार दिला. पण संस्था कितीही मोठ्या असल्या तरी त्या प्रत्येक देवघरात पोहोचू शकत नाहीत. तेथे पोहोचू शकतो तो समाज, कुटुंब, वस्तीतला कार्यकर्ता.

म्हणून माझे एक साधे निवेदन आहे. येत्या हिंदू साम्राज्य दिनी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, आपल्या घरातील जुनी नाणी बाहेर काढा. घरातील ज्येष्ठांना त्यांची हकीकत विचारा आणि मुलांकडून ती एका वहीत लिहून घ्या. वजन, माप, छायाचित्र, प्राप्तीचे ठिकाण, एवढेच. वस्तीतील दहा-वीस घरांच्या अशा नोंदी एकत्र करून जवळच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्या. नाणी घरीच राहतील, ज्ञान मात्र समाजाचे होईल. त्यांत एखाद्या घरी न नोंदलेला ठसा निघाला, तर शिवकालाच्या अर्थव्यवहारावर नवा प्रकाश पडेल. ते श्रेय एखाद्या मोठ्या विद्यापीठाइतकेच एखाद्या गृहिणीचेही असेल.

ज्या अनाम कारागिराने घण मारून ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे तांब्यावर उमटविली, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ज्या शेकडो हातांतून ती शिवराई फिरली, त्यांचीही नावे ठाऊक नाहीत. त्यांनी ते नाणे आपल्यापर्यंत पोहोचविले. पुढच्या पिढीपर्यंत ते अक्षरांसह पोहोचविणे, एवढेच आपल्याकडे मागितले जात आहे. चिंच बाजूला ठेवावी, वही हातात घ्यावी, इतकी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

भारत माता की जय!